माहीमचे रान आणि महानगराचा ताळेबंद

मुंबईत मोकळ्या जमिनीचा विषय निघाला की चर्चा अखेर चटईक्षेत्रावर येऊन ठेपते. जमीन किती, तिच्यावर किती मजले चढतील आणि त्यांतून किती कोटी उभे राहतील, हे हिशेब या महानगराला आता तोंडपाठ झाले आहेत. ज्या जमिनीवर काही बांधलेले नाही ती ‘पडून आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. भाषेतला हा प्रयोग वाटतो तितका निरुपद्रवी नाही. जे पडून आहे ते वाया जात आहे, आणि वाया जाणारे उपयोगात आणणे हे पुण्यकर्म आहे, असा सारा युक्तिवाद त्या दोन शब्दांत अगोदरच गृहीत धरलेला असतो. अशा शहराच्या मध्यभागी सदतीस एकर जमीन झाडाझुडपांसाठी आणि पाखरांसाठी राखून ठेवणे ही चैन समजावी की शहाणपण, हा प्रश्न केवळ निसर्गप्रेमींवर सोपवून चालणार नाही. तो अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

ही सदतीस एकर जमीन म्हणजे धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान होय. लोक त्यास माहीम नेचर पार्क या नावाने ओळखतात. त्याचा पूर्वेतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९७७ पर्यंत ही जागा शहराचा कचरा टाकण्याची होती. महानगराने वापरून फेकलेले सारे काही येथे येऊन पडे. कचरा टाकणे थांबल्यावर त्या ढिगाऱ्यावर माती पसरून झाडे लावण्याची कल्पना पुढे आली आणि १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हस्ते तेथे पहिले रोप लागले. सालिम अली त्या वेळी सत्त्याऐंशीच्या घरात होते. त्या रोपाची सावली आपल्याला लाभणार नाही हे त्यांना पुरते ठाऊक असले पाहिजे. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज या रानात व लगतच्या खाडीकाठी पक्ष्यांच्या शंभराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. नदीच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. तेथील जमीन देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एक गणली जाते. विशेष म्हणजे ते संकुल आणि हे उद्यान या दोहोंची उभारणी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण या एकाच संस्थेच्या हातून झाली. एका काठाची किंमत रुपयांत सांगता येते. दुसऱ्या काठाची किंमत सांगण्यासाठी आपल्याजवळ अद्याप धड परिमाण नाही.

पक्षिनिरीक्षण हा थंड देशांतल्या सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः निसर्गाने आपल्या उष्ण प्रदेशाला या बाबतीत झुकते माप दिले आहे. युरोपात हिवाळा आला की झाडे ओकीबोकी होतात आणि असंख्य पाखरे दक्षिणेकडे निघून जातात. आपल्याकडे नेमका तोच पक्ष्यांच्या गर्दीचा हंगाम असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास हिमालयातून आणि त्याही पलीकडून पाहुणे येऊ लागतात. हळद्या, स्वर्गीय नर्तक, लहानसे माशीमार आणि अखंड चुकचुकणारे वटवटे यांना आपल्या झाडोऱ्यात चार-सहा महिने आसरा मिळतो. खाडीच्या चिखलात तुतवार आणि धोबी शेपट्या हलवीत हिंडतात. माघ-फाल्गुनात काटेसावर, पांगारा व पळस फुलले की त्यांच्या मधावर साळुंक्या, शिंजीर आणि मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांची झुंबड उडते. वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे सर्व एकाच वेळी फळत नाहीत. कुठले ना कुठले झाड पिकलेलेच असते, आणि म्हणून तांबट, कोकीळ व बुलबुल यांना वर्षभर अन्न मिळते. उन्हाळ्यात पाहुणे परतले तरी रान मुके होत नाही. दयाळ पहाटे गातो, तांबटाची ठोक्यावर ठोके द्यावेत तशी हाक भर दुपारीही चालू राहते, आणि पाऊस जवळ आला की कोकिळा कावळ्याच्या घरट्याचा शोध घेऊ लागते.

हे सारे पाहण्यास विशेष साधनसामग्री लागत नाही. पाने दाट असल्याने आपल्याकडे पक्षी पुष्कळदा दिसण्याआधी ऐकू येतो, त्यामुळे कान तयार असला की अर्धे काम होते. उन्हे चढली की पाखरे गप्प होतात, तेव्हा सकाळचे पहिले दोन तास महत्त्वाचे. एक साधी वही, तारीख, वेळ, जागा आणि दिसलेल्या पक्ष्यांची संख्या एवढ्यावर ही विद्या उभी आहे. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश हाताशी असला तर उत्तमच. परंतु नाव ठाऊक नसलेला पक्षीही वहीत वर्णनाने उतरविता येतो. या वहीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता अर्थशास्त्राकडे वळू. एका माणसाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्यास ज्यातून वगळणे कठीण असते, अशा वस्तूंना सार्वजनिक वस्तू म्हणतात. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये ही कल्पना नेमकेपणाने मांडली. दयाळाचे गाणे हे तिचे पाठ्यपुस्तकात शोभेल असे उदाहरण आहे. मी ते ऐकले म्हणून आपल्यासाठी ते उणे होत नाही, आणि कुंपणापलीकडच्या झोपडीतही ते फुकट पोहोचते. अशा वस्तूंना बाजारात भाव मिळत नाही. याचा अर्थ त्यांना मूल्य नाही असा होत नाही. बाजार नावाच्या यंत्राला त्यांचे मोजमाप करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

अर्थशास्त्रज्ञांनी हे मोजमाप करण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९४७ साली हॅरल्ड हॉटेलिंग यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला एक पत्र लिहून एक युक्ती सुचविली. उद्यान पाहण्यासाठी लोक किती दुरून येतात आणि प्रवासावर किती खर्च करतात यावरून त्या उद्यानाचे त्यांना वाटणारे मूल्य काढता येईल, असे त्यांचे म्हणणे होते. युक्ती चतुर आहे आणि आजही वापरली जाते. परंतु ती माहीमच्या उद्यानाला लावून पाहिली की तिची मर्यादा उघडी पडते. धारावीतला मुलगा येथे पायी येतो. त्याचा प्रवासखर्च शून्य, म्हणून या पद्धतीच्या हिशेबात त्याला वाटणारे मूल्यही शून्याच्या जवळपास. उपनगरातून मोटारीने येणाऱ्या कुटुंबाचे पेट्रोल मात्र मूल्य म्हणून जमा होते. दुसरी पद्धत घरांच्या किमतींवरून अनुमान काढते. ज्या खिडकीतून हिरवळ दिसते ते घर महाग, आणि हा फरक म्हणजे हिरवळीची किंमत. येथेही तोच प्रकार. पलीकडच्या काठावरील दिवाणखान्यातून रानाचा देखावा दिसला तर त्या देखाव्याची किंमत घरमालकाच्या खात्यात पडते. रानाला खेटून असलेल्या, पण खिडकीच नसलेल्या खोलीतल्या माणसाला त्या झाडांनी दिलेला गारवा कोणत्याही खात्यात येत नाही.

तात्पर्य, ज्याच्या हाती पैसा आहे त्याचीच इच्छा बाजारात ‘मागणी’ म्हणून ऐकू येते. ज्याला उद्यानाची गरज सर्वाधिक, त्याचा आवाज या मोजपट्टीवर सर्वांत क्षीण. म्हणूनच अशा जागांचा निर्णय जमिनीच्या भावावर सोपविणे हे वरकरणी तटस्थ दिसले तरी प्रत्यक्षात एका बाजूला दिलेले मत असते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाखो माणसे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहत असताना पाखरांसाठी सदतीस एकर राखणे हा माणुसकीचा उपहास नव्हे काय? या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्यापेक्षा साधा भागाकार करून पाहावा. सदतीस एकर म्हणजे सुमारे दीड लाख चौरस मीटर. धारावीची लोकसंख्या सहा ते दहा लाखांच्या दरम्यान सांगितली जाते. म्हणजे हे सारे रान धारावीकरांत वाटून दिले, तर माणशी पाव चौरस मीटर किंवा त्याहूनही कमी जागा येते. आपण हे जे वर्तमानपत्र वाचत आहात त्याच्या एका पानाएवढी. या एका पानाने कोणाच्याही घराचा प्रश्न सुटणार नाही. उलट सर्वांनी मिळून ते एकत्र ठेवले, तर प्रत्येकाला सदतीस एकरांचे रान मिळते. सार्वजनिक वस्तूचा हाच गुणधर्म आहे. वाटली की ती संपते, सामाईक ठेवली की प्रत्येकाला पुरी मिळते. शिवाय जागेच्या टंचाईचा विचार करताना नदीच्या पलीकडच्या कार्यालयांच्या जमिनीकडे कोणाचे बोट जात नाही आणि ते नेमके या रानाकडेच का वळते, हेही विचारले पाहिजे. माणूस विरुद्ध पाखरू हा सामना ज्यांनी मांडला, ते त्यांतल्या माणसाच्या बाजूने बोलत आहेत असे धरून चालण्याचे कारण नाही.

धारावीच्या पुनर्विकासाच्या योजनेत हे उद्यान ओढले जाईल, अशी भीती काही वर्षांपूर्वी निर्माण झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि उद्यान या योजनेत अंतर्भूत नाही असे २०२३ मध्ये न्यायालयापुढे सांगण्यात आले. ही दिलासा देणारी गोष्ट खरी. तथापि ज्या जमिनीचा भाव दर वर्षी चढतो तिच्याविषयीचा प्रश्न एकदा मिटला म्हणजे कायमचा मिटला, असे मुंबईचा इतिहास सांगत नाही. बांधकामाच्या बाजूने एकदाच जिंकावे लागते. रानाच्या बाजूने दर वेळी जिंकावे लागते. केनेथ ॲरो आणि अँथनी फिशर यांनी १९७४ मध्ये या विषमतेचेच शास्त्रीय विवेचन केले होते. जो निर्णय फिरविता येत नाही, तो घेण्यापूर्वी थांबण्याला स्वतंत्र मूल्य आहे, आणि ते मूल्य नफ्यातोट्याच्या हिशेबात धरले नाही तर तो हिशेब चुकीचा ठरतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

येथे कोणी म्हणेल की माहीमचा अनुभव तर उलटेच सांगतो. कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर रान उठविता आले, मग येथे इमारती बांधून दुसरीकडे दुप्पट झाडे का लावू नयेत? हा युक्तिवाद आज सरकारी कागदपत्रांत सर्रास आढळतो. त्यातली चूक अशी की तो रोपांची संख्या आणि रान या दोन गोष्टी एकच मानतो. रोप कोठेही लावता येते. परंतु नदी खाडीला मिळते ती जागा, लगतची खारफुटी, आणि वर्षानुवर्षे कुजत गेलेल्या पानांची माती या गोष्टी दुसरीकडे नेता येत नाहीत. माहीमला माणसांनी झाडे लावली, पाखरे मात्र कोणी आणून सोडली नाहीत. ती आपण होऊन आली, कारण शेजारी खाडी होती आणि मध्ये चार दशकांचा काळ गेला. तो काळ खर्चाच्या कोणत्या रकान्यात लिहावयाचा? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदीने आपले आकसलेले पात्र सोडून वस्त्यांत शिरून दाखविले. नदीकाठची न बांधलेली, पाणी जिरविणारी जमीन म्हणजे काय, हा धडा मुंबईने त्या दिवशी फार महाग किंमत देऊन घेतला. तो विसरावयाचा नसेल, तर मिठीच्या काठची मोकळी जमीन ‘पडून आहे’ असे म्हणण्याची सवय प्रथम टाकली पाहिजे.

मात्र अशा उद्यानांना धोका केवळ बांधकामाचाच असतो असे नाही. आपल्या शहरांत ‘सुशोभीकरण’ नावाची एक चळवळ जोरात आहे, आणि तिचा हेतू चांगला असल्यानेच ती अधिक घातक ठरते. वाळलेली फांदी दिसली की ती तोडली जाते. पण तांबट आपले घरटे अशाच मेलेल्या लाकडात कोरतो, आणि दयाळाला झाडातली ढोली लागते. पाचोळा दिसला की तो झाडून जाळला जातो. पण कस्तुर आणि भारद्वाज त्या पाचोळ्यातच किडे शोधतात. झुडपे अस्ताव्यस्त वाटतात म्हणून ती काढून परदेशी गवताची हिरवळ अंथरली जाते. शिंपी पक्षी मग पाने शिवणार कोठे? त्यावर रंगीत दिव्यांच्या माळा, कारंजी आणि फरशीच्या पायवाटा आल्या की उद्यान छायाचित्रात सुंदर दिसते. झाडे आहेत तेवढीच राहतात, उद्घाटनाची कोनशिला बसते, आणि वर्षा-दोन वर्षांत पाखरे निमूटपणे निघून जातात. त्यांच्या जाण्याची नोंद होत नाही, कारण ती होती याचीच नोंद कोणी केलेली नसते.

ही जागा रिकामी राहत नाही, हेही खरे. कबुतरे, कावळे आणि घारी येतात. आकाशात पंख दिसतात, म्हणून पक्षी वाढले असा भास होतो. अर्थशास्त्रात चलनवाढीची जी अवस्था असते तीच ही. नोटांची संख्या वाढते, संपत्ती वाढत नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा वाद माजला हे सर्वांना स्मरत असेल. त्या वादातील धार्मिक भावनांचा आदर राखूनही एवढे म्हणता येईल की मूठभर दाणे टाकणे हे पक्षिप्रेमाचे सोपे रूप आहे. दाणे न टाकता, हात मागे ठेवून, नुसते पाहत राहणे हे त्याचे अवघड रूप.

याच ठिकाणी निरीक्षकाच्या त्या साध्या वहीचे मोल ध्यानात येते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल भारतातील ९४२ जातींचा आढावा घेतो. तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांनी केलेल्या तीन कोटींवर नोंदींवर आधारलेला आहे. यांतील बहुसंख्य निरीक्षक पगारी शास्त्रज्ञ नव्हेत. ते शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, बँकेतले कर्मचारी आणि निवृत्त लोक आहेत. ज्या ३३८ जातींच्या दीर्घकालीन बदलाचे अनुमान काढता आले, त्यांपैकी २०४ जाती, म्हणजे दर पाचांतल्या तीन, घटत असल्याचे या अहवालात आढळले. मोर आणि कोकीळ यांसारख्या थोड्या जाती मात्र वाढत आहेत. कोणत्याही सरकारी खात्याला जे आकडे गोळा करणे परवडले नसते, ते हजारो लोकांनी आपल्या सकाळी खर्च करून विनामूल्य उभे केले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात या श्रमाला स्थान नाही, आणि तरीही देशाच्या खऱ्या संपत्तीची ही सर्वांत विश्वासार्ह नोंदवही आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि पुढे नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झालेले धनंजयराव गाडगीळ यांना पक्ष्यांचे वेड होते, आणि त्यांचे पुत्र माधव गाडगीळ देशातले अग्रगण्य परिसरशास्त्रज्ञ झाले. एकाच घरात अर्थव्यवस्था आणि निसर्ग या दोहोंच्या अभ्यासाला जागा होती. आपल्या महानगरपालिकांच्या कार्यालयांत मात्र उद्यान खाते आणि अर्थसंकल्प यांची गाठ पडते ती केवळ माळ्यांच्या पगारापुरती आणि रोपांच्या निविदेपुरती.

ही गाठ अधिक अर्थपूर्ण रीतीने घालता येईल. प्रत्येक मोठ्या उद्यानाची पक्षिगणना दर वर्षी करावी, आणि ती शेजारच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. २०१३ पासून भारतातले निरीक्षक दर फेब्रुवारीत चार दिवसांच्या जागतिक गणनेत भाग घेत आहेत; तेच दिवस यासाठी निवडता येतील. त्या गणनेचा गोषवारा पालिकेच्या अर्थसंकल्पासोबत छापावा. सुशोभीकरणाच्या कोणत्याही कामापूर्वी आणि काम झाल्यावर दोन वर्षांनी त्या जागेवर किती जाती होत्या व किती उरल्या, हे जाहीर करणे कंत्राटाची अट म्हणून घालावे. आणि प्रत्येक उद्यानाचा किमान काही भाग असा राखावा की ज्यात पाचोळा पडून राहील, झुडपे वाढतील आणि रात्री दिवा लागणार नाही. या सूचनांना पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो थोडा संयम, आणि हाताला चाळा म्हणून काहीतरी करून दाखविण्याची हौस आवरण्याची तयारी.

पाखरे जमिनीचा भाव ओळखत नाहीत. जेथे अन्न, निवारा आणि शांतता मिळते तेथे ती राहतात, मिळेनाशी झाली की जातात. त्यांना समजावता येत नाही, आश्वासने देता येत नाहीत, आणि त्यांच्या वतीने खोटा अहवाल लिहिला तरी ती परत येत नाहीत. कोणत्याही लेखापरीक्षकाकडून आपण याहून अधिक निःस्पृहतेची अपेक्षा करू शकणार नाही. शहराचा कचरा जेथे फेकला जात होता त्या जमिनीवर या परीक्षकांनी येऊन आपली पसंती नोंदविली आहे. तो शेरा आपल्या कारभाऱ्यांनी एकदा नीट वाचावा, आणि तो पुसला जाणार नाही एवढी व्यवस्था करावी.